रिकामी झाली की रडणारी गाडी

१. आवाज नसलेली गाडी

माघातली सकाळ होती. सटवाईच्या खिंडीत धुकं असं दाटलं होतं की शेळीला स्वतःचे कान दिसू नयेत. त्या धुक्यातून आमच्या ट्रस्टचा वैकुंठरथ खाली उतरत आला, आणि त्याच्या इंजिनाचा आवाज येत नव्हता. चाकाखाली मुरूम करकरत होता, तेवढाच. पायथ्याच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला म्हणून उठली, आणि काय दिसलं त्यांना कोण जाणे, तोंडं मिटून परत बसली.

आत एक म्हातारा निजला होता. नगरच्या दवाखान्यात वारला, त्याला पाथर्डीकडच्या गावी न्यायचा होता. स्टेअरिंगवर आमचा गोरक्ष, ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलेला. टाकीत डिझेलचा थेंब नव्हता. उतार संपला तिथे गाडी थांबली. पुढे मसणवाटेपर्यंत तिला कुणाच्या तरी बैलांनी ओढलं. म्हाताऱ्याचा मेहुणा हात जोडून गाडीबरोबर चालत होता आणि म्हणत होता, "दाजी, माफ करा. दाजी, माफ करा."

मेलेल्या माणसाला वाटेत ताटकळत ठेवण्यासारखी दुसरी नामुष्की आमच्या ट्रस्टला नाही. दुपारपर्यंत ही बातमी नगरभर झाली. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण बातमी अजून नगरभरच होते.

संध्याकाळच्या आत ट्रस्टचे सेक्रेटरी आदिनाथशेठ अमजदच्या गॅरेजात येऊन उभे राहिले. कापडाचे व्यापारी, आवाज मऊ, पण त्यातही गज मोजल्यासारखा नेमकेपणा. मी तिथेच होतो. एका जीपची काढून ठेवलेली सीट भिंतीला टेकवलेली आहे, तिच्यावर बसून मी रिकामटेकड्यांना गोष्टी सांगतो.

"अमजद, दसऱ्याला गाडीची पूजा झाली त्या दिवशी तू कंपनीचा एअर फिल्टर काढून हा बाहेरचा बसवलास. बरोबर?"

"बरोबर, शेठ. पण खोक्यावर लिहिलं होतं, डिझेल वाचतं. तुम्हीच वाचून म्हणालात, बसव."

"वाचतं? दिवाळीपासून अ‍ॅव्हरेज घसरतंय. मी दर खेपेला वर टाकत राहिलो, गाडी पीत राहिली. ह्या वेळी मी दोन खेपांचं मापाचंच टाकलं, तर दुसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेत हा प्रकार. तुझा फिल्टर डिझेल खातो."

मापाचं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. रथाचं किलोमीटरचं मीटर केव्हाच मेलंय. म्हणून आमचा हिशेब खेपेचा: खिंडीतून जायचं, खिंडीतून यायचं, त्याला लागेल तेवढं डिझेल.

"ही शेड ट्रस्टच्या जागेवर आहे," शेठ म्हणाले. "शनिवारी कुलूप लागेल. सामान हलव."

अमजदच्या हातातला पाना खाली गेला. ती शेड त्याच्या वडिलांनी, गनीभाईंनी उभारली. भिंगारच्या त्या वळणावर गनीभाईंचं नाव अजून पत्र्यावर आहे, आणि अमजद दर ईदला त्याच्यावर रंगाचा हात फिरवतो. तो एवढंच म्हणाला, "डिझेलचं सोडा, शेठ. गाडी रडते म्हणतात लोक. तेही माझ्या फिल्टरचंच का?"

शेठ निघता निघता थांबले. कारण त्या रडण्याविषयी तेही ऐकून होते. मढं घेऊन खिंडीतून उतरताना रथ गप्प असायचा. मढं उतरवून रिकामा वर चढायला लागला, की त्याच्यातून बाईचा बारीक, लांबलेला रडण्याचा सूर निघायचा.

२. वास घेणारी बाई

"उझ्माबाईंना बोलाव," मी अमजदला म्हणालो.

उझ्माबाई विम्याच्या सर्व्हेयर. गाडी खरंच ठोकली गेली की मालकानं ठोकून घेतली, हे ओळखायचं त्यांचं काम. त्यांच्याविषयी मी असं सांगतो की बॉनेटला नाक लावून त्या ड्रायव्हर आदल्या दिवशी काय जेवला ते सांगतात. ह्यात थोडी भर माझी आहे. पण नाक मात्र खरं आहे.

आल्या, आणि पहिल्यांदा मलाच म्हणाल्या, "काका, भुताची गोष्ट तुम्ही पसरवली का?"

"सुरुवात माझी नाही. मी फक्त तिला कपडे घातले."

"कसले कपडे?"

"पांढरं लुगडं. केस मोकळे."

"ते काढून ठेवा. मला उघडी गोष्ट हवी."

रथ दवाखान्यामागच्या आवारात उभा असतो. तिथला राखणदार कानिफनाथ, मिशा मोठ्या, झोप त्याहून मोठी. उझ्माबाईंनी त्याच्या खाटेखाली वाकून रबरी नळी आणि एक कॅन बाहेर ओढला. शेठही आमच्यासोबत आले होते. कॅन बघून शेठचे डोळे चमकले.

"हे काय, कानिफनाथ?"

"झाडाला पानी घालाया हाय, बाईसाहेब."

बाईंनी नळीचं टोक नाकाशी नेलं. "पेट्रोल पिणारं झाड कुठलं हो?"

कानिफनाथाची मिशी खाली आली.

"शेठ," बाई म्हणाल्या, "रथ डिझेलचा आहे. डिझेलचा वास तेलकट, बोटाला दिवसभर चिकटून राहतो. ही नळी पेट्रोलची. ह्या आवारात पेट्रोलचं काय उभं असतं?"

शेठ वळून पाहत राहिले. आवारात पेट्रोलची एकच गोष्ट उभी असते, ती त्यांची स्कूटर.

"तरीच म्हणतो मी," ते पुटपुटले, "दोन पेठा फिरलो की ती रिझर्व्हला कशी येते."

एका चोरीनं कानिफनाथ दुसऱ्या चोरीतून सुटला. उरला गोरक्ष.

गोरक्ष रथाच्या मागच्या बाजूला, जिथे मढं ठेवतात त्याच बाकावर बसून भाकरी खात होता. आईबाप जन्मभर ऊसतोडीला गेले, हा ड्रायव्हर झाला. ह्या गाडीवर आधीचे ड्रायव्हर टिकले नाहीत. हा टिकला, आणि त्या एका गोष्टीवर पंचक्रोशीत त्याचं नाव झालं. पोरं त्याला भुताचा मामा म्हणत. पैज लावून तो अमावस्येला मसणात जाऊन पोहे खाऊन आलेला आहे. हे मी स्वतः अनेकांना सांगितलंय.

"भाकरी घ्या, मॅडम," तो म्हणाला. "हितं बसून गोड लागती. कुनी मागाया येत न्हाई."

"डिझेल विकलंस?"

"मेलेल्याच्या गाडीतलं डिझेल इकून कुठं जाऊ? वरबी हीच गाडी नेनार हाय मला."

"परत येतोस कुठल्या रस्त्यानं?"

"खिंडीतनंच. जाताना खिंड, येताना खिंड. दुसरा रस्ता करंजीवरनं, मोठा. लई वळसा पडतो."

"मग रडणं ऐकलं असशील."

गोरक्ष हसला. "मेलेली मानसं गप असत्यात, मॅडम. जित्यांचीच बडबड लई." आणि माझ्याकडे बघितलं.

बाई पुढे केबिनमध्ये जाऊन बसल्या. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक लहान काच असते, तिच्यातून मागचं दिसतं. त्या काचेवर नवनाथांचं कॅलेंडर चारी कडांनी चिकटपट्टी लावून बसवलं होतं.

"हे कशाला?"

"ऊन येतं मानेवर," गोरक्ष म्हणाला.

बाईंनी मान वळवली. काचेपलीकडे रथाची मागची बाजू. पत्र्याची, बंद, काळोखी. मग त्यांनी मला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि विचारलं, "काका, खिंडीत कोण राहतं?"

३. लंकाबाईची साक्ष

सटवाईच्या खिंडीतला रस्ता म्हणजे मुरमाची तांबडी वाट. दूधवाले जातात, शेळ्या जातात, आणि आमचा रथ. माथ्यावर शेंदूर फासलेली सटवाई आणि तिच्या समोर लंकाबाईची चहाची टपरी. आम्ही पोचलो तेव्हा बरोबर मध्यान्ह होती. वारा पडलेला. झाडांच्या सावल्या बुंध्यात शिरलेल्या. अशा वेळी खिंडीत उभं राहिलं, की आपल्याच श्वासाचा आवाज दुसऱ्याचा वाटतो.

"या," लंकाबाई म्हणाली. "रडक्या गाडीचं इचारायला आला असाल."

"ऐकलंत तुम्ही?" उझ्माबाईंनी विचारलं.

"ऐकलं? माझ्या हातातली कपबशी गेली. दिवाळी झाली, तवाच्या टायमाला. गाडी खालनं चढत हुती. आधी वाटलं शेळी अडकली. मग सूर वाढत वाढत आला. बाईमानसाचाच. तानून धरलेला, दम न्हाई घ्यायचा. गाडी हितं माथ्यावर आली आन् बंद. एकदम बंद! सटवाईम्होरं आली की गप व्हायची."

हे मी रचलेलं नव्हतं.

"ड्रायव्हर थांबला?"

"थांबतोय कशाचा! सुसाट गेला. त्येच्या तोंडाला रगात नव्हतं."

"आणि हल्ली? अजून रडते?"

लंकाबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं.

"हल्ली रडत न्हाई. पर त्यापरास वंगाळ हाय, बाई. कुनाला सांगितलं न्हाई म्या. येड्यात काढत्याल."

"मी नाही काढणार."

"मी उजाडल्यापास्नं दिवस मावळंपर्यंत हितंच असती. गाडी मढं घेऊन खाली जाती. डोळ्यांनी बघती मी. हात जोडती." तिनं आवाज खाली आणला. "खाली जाती. वर येत न्हाई."

"म्हणजे?"

"येतच न्हाई! पौष गेला, एकदाबी वर आलेली न्हाई. आन् दुसऱ्या येळंला परत नगरकडनंच येती, मढं घेऊन, खाली जायाला. मग मधी ती जाती कुठं? जमिनीत?"

उझ्माबाईंनी चहा संपवला आणि पहिल्यांदाच हसल्या. मला मात्र परतताना सबंध वाट मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

४. फिल्टरची जबानी

"आधी फिल्टरला मोकळं करू," दुसऱ्या दिवशी त्या अमजदला म्हणाल्या. "कंपनीचा जुना आहे ना?"

"आहे. मी फेकत नाही काही."

टाकी गळ्यापर्यंत भरली. कंपनीचा फिल्टर घालून उझ्माबाई रथ सपाट रस्त्यानं, एका चालीनं, कल्याण रोडवर नेऊन परत आल्या. पुन्हा गळ्यापर्यंत भरलं. किती बसलं ते बाटलीनं मापलं. मग बाहेरचा फिल्टर घातला, आणि तोच रस्ता, तीच चाल, तेच माप. दोन्ही खेपा मी मागच्या बाकावर बसून केल्या, कारण पुढे अमजद होता. त्या बाकावर एवढी शांत झोप लागते, हे जिवंत माणसाला सहसा कळत नाही.

शेठ बाटलीकडे डोळे बारीक करून बघत होते. दोन्ही वेळा डिझेल सारखंच लागलं होतं.

"हा काय चमत्कार?"

"चमत्कार नाही, शेठ. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत फिल्टर बुजला की गाडी जास्त प्यायची. तेव्हाचं बोलणं लोकांच्या तोंडात राहिलं. नव्या गाडीत किती डिझेल सोडायचं ते ड्रायव्हरचा पाय आणि आतला कॉम्प्युटर ठरवतो. फिल्टर फार घाण झाला, तर गाडी मरगळते, ओढत नाही. टाकी रिकामी करत नाही."

"म्हणजे खोक्यावर लिहिलेलं..."

"ते खोटं. आणि तुमचा आरोपही खोटा. फिल्टर डिझेल वाचवत नाही आणि खातही नाही."

अमजदनं श्वास सोडला. पण शेठ हुशार. "मग डिझेल गेलं कुठं? ते कळल्याशिवाय शनिवार काही हलत नाही. फिल्टर नसेल, तर गाडीवर हात असणारे दोघंच. हा आणि गोरक्ष. आणि गोरक्ष तर म्हणतो, गाडी गॅरेजातून आली की टाकी उतरलेली असते."

"गोरक्ष म्हणाला असं?" अमजदनं विचारलं. लहानपणापासूनचे दोस्त ते. भिंगारच्या मैदानात एकाच बॅटनं खेळलेले. "माझ्याबद्दल?"

उझ्माबाईंचं लक्ष त्या बोलण्याकडे नव्हतं. त्यांनी बाहेरचा फिल्टर उन्हात धरला होता. कापडी, धुऊन वापरायचा. "कधी धुतलास?"

"संक्रांतीला. प्रत्येक सणाला धुतो मी, मॅडम. अब्बांची सवय."

त्यांनी घडीत बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं, वास घेतला. मग ते बोट माझ्या नाकाखाली धरलं. मग फिल्टरची रबरी कड नखानं दाबली, इंजिनावरचा फिल्टरचा डबा हलवून पाहिला, त्याच्या झाकणाची एक क्लिप वर-खाली केली. आणि एकाएकी थांबल्या, जणू खोलीत कुणी शिरलं.

"अमजद, झाकण होतं तस्सं लाव. क्लिपला हात लावू नकोस." त्या हळू बोलत होत्या. "शेठ, उद्या शनिवार. कुलूप घेऊन या. गोरक्षालाही आणा. मी त्या बाईला इथे बोलावते."

"कुठल्या बाईला?"

"जी रडते तिला."

५. शनिवार, भर दुपारी

शेडचं शटर उझ्माबाईंनी खाली ओढायला लावलं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या सुया आत आल्या होत्या. मधोमध रथ. एका बाजूला शेठ, त्यांच्या मुठीत नवं कुलूप. त्यांच्याशेजारी अमजद, सामानाची पेटी बांधलेली. गोरक्ष खांबाला टेकून उभा, हाताची घडी. मी माझ्या सीटवर, पाय वर घेऊन.

बाई केबिनमध्ये बसल्या. इंजिन सुरू झालं, नेहमीसारखं घरघरत. "आता सगळ्यांनी गप्प राहा," त्या म्हणाल्या, आणि अ‍ॅक्सिलेटर दाबत गेल्या.

आधी नुसती घरघर वाढली. मग तिच्या पोटातून एक बारीक धागा निघाला. चढत गेला. घसा दाटलेल्या बाईनं हुंदका आवरून धरावा आणि तो सुटावा, तसा तो सूर शेडच्या पत्र्यांना जाऊन भिडला. शेठच्या हातातलं कुलूप पडलं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि माझ्या मानेवर केस फार नाहीत.

बाईंनी पाय काढला. सूर विरला. इंजिन बंद झालं.

"काका," त्या उतरून म्हणाल्या, "आवाज आला तेव्हा तुम्ही कुठं बघितलंत?"

"बॉनेटकडे. तिथूनच आला."

"शेठ?"

"बॉनेटकडेच."

"अमजदही. आवाज जिथून येतो तिथंच माणूस बघतो." त्यांनी मान वळवली. "गोरक्षनं मात्र मागच्या दाराकडे बघितलं. जिथं मढं ठेवतात."

गोरक्षाच्या कपाळावर घाम होता.

"हा फिल्टर कंपनीच्या मापापेक्षा केसभर पातळ आहे," बाई बोलू लागल्या. "नवा होता तोवर बसला. मग खिंडीतल्या धक्क्यांनी झाकणाची क्लिप सैल झाली आणि कडेला फट पडली. इंजिन जोरानं हवा ओढतं तेव्हा त्या फटीतून शिट्टी वाजते. उतरताना इंजिन हळू श्वास घेतं, म्हणून मढं असताना गाडी गप्प. चढताना छाती भरून घेतं, म्हणून रिकामी गाडी रडते. माथा आला, चढ संपला, की सटवाईसमोर गप्प."

"आणि डिझेल?" शेठनी विचारलं.

"त्याची जबानी फिल्टरनं दिली. फिल्टरवर जी धूळ बसते, ती मुख्यतः चढावरची. तेव्हाच इंजिन सगळ्यात जास्त हवा ओढतं. गाडी खिंडीतून वर आली असती, तर हा फिल्टर संक्रांतीपासून तांबडा व्हायला हवा होता. हा काळा आहे. ट्रकच्या धुराची तेलकट काजळी, आणि त्यात उसाच्या पाचटाची कुसळं. ऊस भरलेल्या ट्रॉल्या खिंडीतून जात नाहीत. त्या करंजीच्या मोठ्या रस्त्यानं जातात."

मी सीटवरून उठलो. "म्हणजे लंकाबाई..."

"खरं बोलत होती. गाडी खिंडीतून खाली जाते आणि वर येत नाही. मोठा वळसा घालून, करंजीचा घाट चढून नगरला येते. तिथंही चढ आहे, तिथंही ती रडते. पण आजूबाजूला एवढे ट्रक गर्जत असतात की ऐकू येत नाही. मीटर मेलेलं, डिझेल खिंडीच्या मापाचं. वळशातलं डिझेल कुणाच्याच हिशेबात नाही."

"चोर!" शेठ गोरक्षावर उसळले. "गाडी घेऊन हिंडत होतास! कुणाची भाडी मारलीस? कुठं विकलंस?"

उझ्माबाईंनी ओठ मिटून घेतले. बाकीचं त्यांना ठाऊक होतं, हे मी आता सांगू शकतो. काळोखाकडे तोंड असलेल्या काचेतून ऊन येत नाही. त्या काचेवर माणूस देवाचं कॅलेंडर लावतो, ते मागचं दिसू नये म्हणून. पण ते त्यांनी स्वतः सांगितलं नाही. त्या गोरक्षाकडे बघत राहिल्या.

मला कळून चुकलं की तो गप्पच राहणार. चोर म्हणवून घेईल, पण दुसरा शब्द ऐकून घेणार नाही.

अमजद पुढे झाला. "गोरक्षा, माझी पेटी बांधलेली आहे बघ. अब्बांचं नाव पत्र्यावरून मी आज सकाळी खरवडायला घेतलं होतं. हात चालला नाही. तू गप्प राहिलास तर शेठ दोघांनाही चोर धरतील. बोल."

गोरक्षानं हाताची घडी सोडली.

"इकलं न्हाई," गोरक्ष म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "भ्यालो."

"काय?"

"भ्यालो, शेठ! म्हातारी पोचवून येत हुतो, दिवाळीत. खिंड लागली आन् मागनं रडू आलं. मला वाटलं, उतरलीच न्हाई ती. मागंच बसलीया. दुसऱ्या खेपंला परत. मग मी करंजीवरनं यायला लागलो, ट्रकाच्या गर्दीतनं, रेडिओ मोठा करून. कुनाला सांगू? भुताचा मामा म्हनत्यात मला." तो अमजदकडे वळला. "तुझं नाव घेतलं. लई वाईट केलं. पर भित्रा म्हनले असते रं."

"आणि मला चोर म्हणाले, ते चाललं तुला?"

गोरक्षानं केबिनमधून रथाची चावी काढून आणली आणि शेठपुढे धरली.

शेठनी खाली पडलेलं कुलूप उचललं, आपल्या खिशात टाकलं. पेटीच्या दोरीची गाठ त्यांनी स्वतः वाकून सोडली. कापड बांधणाऱ्या माणसाच्या बोटांनी, सफाईनं. मग म्हणाले, "चावी अमजदला दे. नोकरीचं तो सांगेल. माझ्यापेक्षा त्याचं जास्त गेलं असतं."

६. फट

अमजदनं चावी घेतली आणि खिशात टाकली. बॉनेट उघडलं, बाहेरचा फिल्टर काढून बाजूला टाकला, कंपनीचा बसवायला घेतला. गोरक्ष दाराशी उभा. जावं की थांबावं, त्याला कळत नव्हतं.

"अमजद," तो शेवटी म्हणाला, "त्यो आवाज राहू दे का? आता कळलं कशाचा हाय, आता भ्या न्हाई वाटत."

"कशाला राहू दे?"

"हंगामात गावं रिकामी असत्यात. समदी ऊसतोडीला, पार कोल्हापूरच्या अंगाला. म्हातारी मरती, पोरं यायला दोन दिस लागत्यात. मी मढं उतरवतो तवा अंगनात एखादा शेजारी आन् कुत्रं. कुनी रडत न्हाई. ही रडायची, तर... बरं असंल."

अमजदनं डोकं बॉनेटमधून बाहेर काढलं. "येड्या, त्या फटीतून मुरूम आत जातो. इंजिन खाऊन टाकेल. गाडीला कशाला रडवतोस? तुला रडायचं तर तू रड." आणि क्लिप दाबली. टक्.

मग चावी त्यानं गोरक्षाकडे फेकली. गोरक्षानं ती झेलली नाही. ती जमिनीवरून उचलावी लागली.

पुढच्या आठवड्यात एक खेप निघाली आणि मीही बरोबर गेलो, म्हटलं, बघू. शिराळच्या पुढे एका वस्तीवर म्हातारी उतरवली. अंगणात खरोखर कुणी नव्हतं; एक शेजारी, तोही काठीवर. सगळं उरकून आम्ही निघालो आणि मोठ्या रस्त्याचा फाटा आला. गोरक्षानं गाडी खिंडीकडे वळवली.

चढ लागला. मी कान टवकारले. फिल्टर गप्प, इंजिन आपलं सरळ ओढत होतं. मध्यान्हीची वेळ, वारा पडलेला, तांबडी वाट, आणि मागची बाजू रिकामी.

निम्म्या चढावर तो सूर आला. बारीक, लांबलेला, दम न घेणारा.

मी बॉनेटकडे बघितलं. मागच्या काचेकडे बघितलं. कॅलेंडर नव्हतं, काळोख होता. मग शेजारी बघितलं.

गोरक्ष समोर रस्त्यावर नजर ठेवून, दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट धरून, गळा काढून रडत होता.

"कोण लागत होती तुझी?" मी विचारलं.

त्यानं गिअर बदलला, बाहीनं नाक पुसलं.

"नाव इचारायचं राह्यलं," तो म्हणाला, आणि पुढचं वळण चढला.